फाइलमधील मूळ नोंद आधी काढून ठेवावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथालये, अभिलेखागारे आणि वृत्तपत्रेही आता आपले फोटो व कागदपत्रे डिजिटल स्वरूपात जतन करतात. मात्र अनेकदा फाइलचे नाव आणि संगणकाने दाखवलेली तारीख एवढ्यावरच त्यांची सूची बेतली जाते, याची मला काळजी वाटते. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली की ही बाहेरची तारीख सहज बदलते. फाइलच्या आत असलेला मेटाडेटा, म्हणजे लेखक, तारीख अशी फाइलविषयीची माहिती, नुसत्या कॉपीने बदलत नाही, आणि हजारो फाइलींतून तो काढून देणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरायचे तयार कोडसंच) कितीतरी वर्षांपासून उपलब्ध आहेत.

‘अपाचे टिका’ ही जावा या प्रोग्रामिंग भाषेतील अशीच एक लायब्ररी. ती केवळ एक्सटेन्शनवर, म्हणजे फाइलच्या नावाअखेरच्या ‘.jpg’सारख्या अक्षरांवर, विसंबत नाही, तर फाइलचे सुरुवातीचे बाइट तपासून तिचा खरा प्रकार ओळखते आणि त्यानुसार पार्सर (त्या प्रकारची फाइल वाचणारा भाग) निवडून लेखक, शीर्षक, निर्मितीची तारीख व मजकूर हाती देते. २०१६ मध्ये उजेडात आलेल्या ‘पनामा पेपर्स’ या फुटलेल्या गोपनीय कागदपत्रांतील सुमारे १ कोटी १५ लाख फाइलींत शोध घेता यावा, यासाठी शोधपत्रकारांनी हीच लायब्ररी वापरली होती. फोटोंच्या बाबतीत मला फिल हार्वे यांचे ‘एक्झिफटूल’ अधिक भरवशाचे वाटते. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले हे साधन २००३ पासून उपलब्ध आहे.

तरीही लायब्ररीने दिलेले उत्तर डोळे झाकून स्वीकारता येत नाही. कॅमेरा फोटोत जी एक्झिफ नोंद लिहितो, तिच्यात वेळ ‘२०१२:०६:१४ २०:२०:०५’ अशा रूपात असते आणि ती कोणत्या टाइमझोनमधली हे त्यात सांगितलेले नसते. त्यासाठीचे वेगळे रकाने एक्झिफ मानकाच्या २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आले. अशी वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असे गृहीत धरून प्रोग्रामने ती स्थानिक वेळेत बदलली, तर रात्रीचा फोटो सूचीत दुसऱ्या दिवशीचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. स्कॅन केलेल्या जुन्या छायाचित्रात बहुधा स्कॅनिंगची तारीख सापडते, तर वर्डच्या फाइलमधील ‘लेखक’ म्हणजे पुष्कळदा ज्याच्या संगणकावर ती फाइल प्रथम तयार झाली ती व्यक्ती असते. म्हणून लायब्ररीने दिलेली नोंद लायब्ररीच्या आवृत्तीसह जशीच्या तशी वेगळी ठेवावी, सूचीसाठी केलेल्या दुरुस्त्या तिच्याशेजारी लिहाव्यात आणि रिकामा रकाना अंदाजाने भरू नये.

हे सर्व फोटोचा आकार कमी करण्यापूर्वीच व्हायला हवे, कारण फोटो नव्याने सेव्ह करताना अनेक प्रोग्राम एक्झिफ नोंद गाळून टाकतात. डिजिटायझेशनचे काम बाहेर देणाऱ्या संस्थांनी ही अट करारातच घालावी. फोटो कुठे काढला हे सांगणारे जीपीएस अक्षांश-रेखांश मूळ प्रतीत जपावेत. प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीतून मात्र ते काढून टाकावेत, विशेषतः फोटो कोणाच्या घरी काढलेला असेल तेव्हा.

आपला नम्र,
एक वाचक