पहिल्या विनोदी पुस्तकांचीही दखल घ्या

महोदय,
गेल्या महिन्यात यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दुपारी मीच त्यांना वाचून दाखवते. सध्या एका नव्या लेखकाचा शहरी जीवनावरचा पहिला विनोदी लेखसंग्रह चालू आहे. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेल्या ‘चौथ्या सीट’चा लेख ऐकताना हे इतके हसले की काळा चष्मा नाकावर घसरला. वर्तकनगर ते स्टेशन ह्यांनी वर्षानुवर्षं तसाच प्रवास केलाय! आणि हा लेखक वॉचमनला, धुणंभांड्याच्या बाईला हसत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण या पुस्तकासाठी तीन दुकानं पालथी घालावी लागली. एका दुकानदाराने तर ‘विनोद खपत नाही’ म्हणून ते मागवलंच नव्हतं. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या ठाण्यात हे ऐकून वाईट वाटलं. आपल्या रविवार पुरवणीत कादंबऱ्या-चरित्रांची परीक्षणं येतात, तशी विनोदी लेखकांच्या पहिल्या पुस्तकांचीही यावीत, ही कळकळीची विनंती. नाव छापून आलं की दुकानदार पुस्तक मागवतो.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)