लघवीचे कल्चर तालुक्याच्या गावी का होऊ नये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिवाणू अँटिबायोटिक औषधांना जुमानेनासे झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट यामुळे दगावली. मी जिल्ह्याच्या गावी ३२ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. त्या खोलीतून हा प्रश्न कसा दिसतो, ते सांगावे म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंना उन्हाळी लागली. वय ६८, मधुमेह जुना. धने-जिऱ्याच्या पाण्याने भागेना, म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. पाच दिवस गोळ्या. आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा जळजळ. मग ‘जास्त पॉवरची’ गोळी. तिसऱ्या खेपेला इंजेक्शने. रात्रीत सहा-सहा वेळा उठून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी विचारले, “वहिनी, कल्चर केलं का?” त्या म्हणाल्या, “अगं, ते काय असतं?”

कल्चर म्हणजे लघवीतले जिवाणू प्रयोगशाळेत उथळ बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणे. त्यांना इकडे आणून नमुना दिला आणि तिसऱ्या दिवशी जुन्या सहकाऱ्यांकडे जाऊन प्लेट स्वतः पाहिली. पिवळसर थरावर दुधावर साय धरावी तशी जिवाणूंची वाढ, आणि तिच्यावर औषध शोषवलेल्या, जेमतेम ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत, स्वच्छ गोल उरतो. तो पट्टीने मोजायचा. सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रायॅक्सोन, जाऊबाईंना दिलेली तिन्ही औषधे, आणि तिन्ही चकत्यांच्या कडेला जिवाणू थेट चिकटलेले. गोल होता तो नायट्रोफ्युरँटॉइनभोवती, चांगला रुपयाच्या नाण्याएवढा. हे १९५० च्या दशकातले, स्वस्त औषध. मूत्रपिंडाची तपासणी पाहून डॉक्टरांनी तेच सुरू केले आणि आठवड्यात जाऊबाई बऱ्या झाल्या.

लोकांना वाटते की कल्चर केले म्हणजे महागडी औषधे लिहून येणार. मी अनेकदा उलटे होताना पाहिले आहे.

गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. प्रयोगशाळा ४० किलोमीटरवर, आणि लघवीचा नमुना दोन तासांत पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये हवा. वाटेत जिवाणू भराभर वाढतात आणि निष्कर्ष चुकतो. एसटीतून कुणाच्या तरी हाती पाठवलेली, उन्हात तापलेली बाटली मी किती वेळा परत केली असेल! आलेल्या माणसाचा चेहरा पाहवत नसे. तो दुसऱ्यांदा येत नसे आणि डॉक्टर पुन्हा अंदाजाने औषध लिहीत.

कोणते जिवाणू कोणत्या औषधांना जुमानत नाहीत, याची माहिती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे जाळे २०१३ पासून देशभरातून गोळा करते. काम मोलाचेच आहे. पण ते नमुने मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे बरेचदा आधीचे उपचार फसलेल्या रुग्णांचे. तालुक्यातल्या साध्या उन्हाळीत कोणते औषध चालते, हे त्यातून कसे कळावे? दुसरीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे एम.एस्सी.चे विद्यार्थी याच चकत्या लावून प्रकल्प करतात. ते बांधून कपाटात जातात आणि त्यावर धूळ बसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती मुले जिल्हा रुग्णालयाशी जोडली, तर वर्षाला एक तक्ता सहज निघेल: आपल्या जिल्ह्यात कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देतो. मोठ्या रुग्णालयांत असा तक्ता असतो, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात.

अशा तक्त्याची भूक किती आहे ते सांगते. जाऊबाईंनी आपला रिपोर्ट गावातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि झेरॉक्स मागून घेतली. एका रुग्णाच्या रिपोर्टची झेरॉक्स!

१ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ ही ठरावीक औषधांची यादी लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने डॉक्टरचे, रुग्णाचे आणि औषधाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची. नियम चांगलाच आहे. पण चिठ्ठीच अंदाजाने लिहिलेली असेल तर वहीत तो अंदाजच उतरणार.

माझी मागणी मोठी नाही. बोरिक ॲसिड घातलेल्या बाटलीत लघवीचा नमुना फ्रिजशिवायही दिवसभर टिकतो. अशा बाटल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवाव्यात. क्षयरोगासाठी थुंकीचे नमुने गावोगावहून गोळा होऊन तपासणीला जातातच. त्याच फेरीत या बाटल्या जिल्ह्याला पोचवाव्यात आणि अहवाल डॉक्टरांच्या फोनवर यावा. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे: लघवीचा त्रास पुन्हा उलटला तर पुढच्या औषधाचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यावा, आणि “कल्चर करू या का?” असे डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ