घोड्याचा भरवसा सवयीतून बसतो

संपादक महोदय,

अपंग माणूस घोडे हाताळतो म्हटले की त्यावरचे लेख हमखास एकाच वळणाने जातात. मुक्या जीवाला माणसाचे दुःख कळते, म्हणून तो त्याच्यापाशी शांत उभा राहतो, असा एकंदर सूर. वाचायला बरे वाटते, पण यात त्या माणसाचे कसब साफ झाकले जाते. घोड्याच्या लेखी व्हीलचेअर ही चकाकणारी, खडखडणारी, अनोळखी वस्तू असते आणि पहिल्या भेटीत तो बहुधा बुजतोच. पुढे तोच घोडा तिच्याशेजारी मान खाली सोडून उभा राहत असेल, तर त्यामागे रीतसर तालीम असते. बऱ्याचदा ती खुर्चीतल्या माणसानेच दिलेली असते.

ही तालीम रिकाम्या खुर्चीपासून सुरू होते. मोकळ्या जागेत खुर्ची ठेवून घोड्याला ती हुंगू द्यावी. मग कुणीतरी ती घोड्यापासून दूर ढकलत न्यावी आणि घोड्याला मागून चालू द्यावे. अंगावर येणाऱ्या वस्तूपेक्षा लांब जाणाऱ्या वस्तूची धास्ती त्याला कमी वाटते. त्यानंतर खुर्ची शेजारून चालवावी आणि सर्वांत शेवटी तिरकस रेषेत खांद्याकडे आणावी. हे सगळे डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी करावे लागते. एका बाजूने पचलेली गोष्ट दुसऱ्या डोळ्यासमोर आली की घोडा पुन्हा नव्याने दचकू शकतो.

गाडी अडते ती इथेच. घोडा उसळला की घाबरून खुर्ची मागे घेतली जाते. त्यातून घोडा एवढेच शिकतो की उसळी मारली की खुर्ची जाते. म्हणून कान टवकारले, मान ताठ झाली, श्वास रोखला गेला की आहे तिथेच थांबावे. मान खाली आली, फुरफुरून श्वास सुटला की त्याच क्षणी खुर्ची मागे घ्यावी. दाब (इथे खुर्चीची जवळीक) कधी सुटला यावर घोडा शिकतो आणि त्यात दोन-चार सेकंदांची दिरंगाईसुद्धा चुकीचा धडा देते. वेळ साधणे हे इथले खरे कौशल्य. त्याला दंडाची ताकद लागत नाही. तशीही ती चारशे-पाचशे किलोच्या जनावरापुढे कुणाचीच पुरत नाही.

बसून काम करणाऱ्याची जागा फार महत्त्वाची. घोड्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण नेमके शेपटीमागचे आणि नाकाखालचे दिसत नाही. खुर्चीतला माणूस छातीसमोर आला की तो या न दिसणाऱ्या जागेत जातो. म्हणून खांद्याच्या बाजूला, थोडे तिरके, मागे सरकायला वाट मोकळी ठेवून थांबावे. डोक्यावर हेल्मेट जमिनीवरच्या कामातही हवेच, कारण बसलेल्याचे डोके घोड्याच्या गुडघ्यांच्या आणि छातीच्या टप्प्यात येते. चाकांच्या आऱ्यांवर झाकणे बसवावीत, नाहीतर दोरी किंवा खूर अडकतो. विजेवरची खुर्ची असेल तर थांबल्यावर ती बंद करावी. घोड्याला जॉयस्टिकला नाक लावून पाहायची भारी हौस असते!

दोरी दहा-बारा फुटांची, जाड आणि मऊ असावी. ती हाताला, कमरेला किंवा खुर्चीला कधीही गुंडाळू नये. उरलेली दोरी हातात घड्या घालून धरावी. वेटोळे केले तर घोडा पळताच ते बोटांभोवती आवळते. घोड्याला मान खाली घ्यायला शिकवणे हा बसून काम करणाऱ्यासाठी सर्वांत उपयोगी धडा, कारण त्याशिवाय मोरकी, म्हणजे तोंडावर बांधायची दोरी, चढवता येत नाही. पकड कमी असेल तर काठीच्या टोकाला चेंडू लावावा. घोड्याने त्याला नाक टेकवले की लगेच जिभेने टकारा द्यावा, मग खाऊ. काठी खाली नेली की डोके मागोमाग येते. मात्र खाऊ मांडीवरून कधीच देऊ नये, बाजूच्या भांड्यात टाकावा. मांडीत खाऊ असतो हे एकदा कळले की घोडा तिथे हुडकायला लागतो.

हात थरथरत असतील किंवा झटके येत असतील तर दोरीतून नकळत खोटे इशारे जातात. अशा वेळी दोरीच्या हिसक्याला काही अर्थ नाही आणि खरा इशारा आवाजाचाच, हे घोड्याला शिकवता येते. अमुक माणसाचा कोणता इशारा दर वेळी सारखा असतो, हे घोडा पटकन हेरतो. अंध व्यक्तीने आधी आवाज द्यावा, मग खांद्याला हात लावावा आणि तो उचलू नये. हाताखाली आवळलेले मानेचे स्नायू घोड्याचा ताण टवकारलेल्या कानांइतकाच स्पष्ट सांगतात. घोडे एकमेकांना चावून खाजवतात त्या जागी, म्हणजे मानेच्या बुडाशी, खाजवले तर त्यांचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. खराऱ्याची सुरुवात तिथूनच करावी.

हा भरवसा मोडतो तो बहुतेकदा दुसऱ्यांमुळे. सकाळी एकाने हळू आवाजावर घोडा चालवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या धट्ट्याकट्ट्याने ओढून न्यायचा, की घोडा ओढल्याशिवाय हलेनासा होतो. मग खापर फुटते ते अपंग व्यक्तीच्या माथी. ज्या घोड्यासोबत ती काम करते, त्याच्याशी पागेतल्या प्रत्येकाने तेच शब्द आणि तेच नियम पाळले पाहिजेत. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले होते, घोड्यावर चढवायलाही माणूस लागे. त्यांनी 1952च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून इशाऱ्यांवर नेमक्या हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचे, रौप्यपदक मिळवले. ज्युबिली ही त्यांची घोडी पायांच्या दाबाऐवजी पाठीच्या आणि वजनाच्या इशाऱ्यांवर चालत असे. ती दयेपोटी चालत होती असे कुणी म्हणणार नाही.

पागा चालवणाऱ्यांना एकच विनंती. अशा व्यक्तीला कामावर घेताना मदतनीस जरूर द्या, पण त्याचे काम आधी ठरवा. खूर साफ करणे त्याने करावे, कारण बसून ते धोक्याचे आहे. एरवी त्याने घोड्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहावे आणि दोघांत ठरलेला शब्द ऐकल्याशिवाय दोरीला हात लावू नये.

आपले,
घोड्यांच्या तालमीचे काम करणारे काही वाचक