आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बारशाच्या दिवशी तुम्हाला ड्यूटी लागली आणि तुमचे आभार मानायचे राहून गेले. आता सगळ्यांच्या देखतच मानते.

लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दर अर्ध्या तासाने तुम्ही तिच्या पोटावर हात ठेवून, घड्याळ बघत, दहा मिनिटांत कळा किती आणि एकेक कळ किती सेकंद टिकते ते मोजायचात. मग डॉपलर लावून बाळाचे ठोके. आकडा लगेच पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणाऱ्या तक्त्यावर. मी विचारलं, तेव्हा न कंटाळता समजावलंत. पिशवीचं तोंड ताशी १ सेंटिमीटर उघडत गेलं, तर खूण पहिल्या तिरप्या रेषेच्या उजवीकडे जात नाही. गेली, की सावध व्हायचं. दुसरी रेषा ४ तास पुढे, तिथे मात्र उपाय करायचाच.

नंतर वाचलं, की या रेषा फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ साली आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात मांडल्या. दूरच्या दवाखान्यातल्या सुइणींना पेशंट वेळेत मोठ्या हॉस्पिटलात पाठवता यावी, म्हणून मधले ते तास. पावसाळ्यात गुहागरहून चिपळूण गाठणाऱ्या आम्हाला त्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

पहिल्या तपासणीत ४ सेंटिमीटर, चार तासांनी ५. ठोके चांगले होते, तरी "बघू अजून थोडा वेळ" असं तुम्ही म्हटलं नाहीत. १०८ बोलावलीत, पुढे फोन केलात, तो कागद सोबत दिलात. तिथल्या डॉक्टरांनी आधी तो वाचला आणि पुन्हा तपासून सीझर ठरवलं. नात बाहेर येताच रडली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवा तक्ता दिलाय. त्यात नोंद ५ सेंटिमीटरपासून करायची, ताशी एकाचा हट्ट नाही. बाईजवळ तिचं माणूस आहे का, तिला प्यायला मिळतंय का, हेही लिहायचं. तुम्ही मला आत लेकीजवळ बसू दिलंत, मध्ये मध्ये तिला पाणी पाजायला लावलंत, ते आठवलं.

बाळंतपण उरकल्यावर भरलेल्या पार्टोग्राफचा बाळंतिणीला काय उपयोग? पण रात्री एकट्या सिस्टरने दोन-दोन बाळंतिणी सांभाळून तो वेळच्या वेळी भरायचा तरी कसा? रात्रपाळीला दोघी सिस्टर हव्यात, ही मागणी मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. आमच्या वाडीतल्या बायका सोबत येणार आहेत.

लेक १४ आठवड्यांच्या लसीला बाळाला घेऊन केंद्रात येईल. नात तुमच्या मांडीवर द्यायची आहे.

तुमची,
बाळाची आजी