पहिला सामना भारताचाच असायला हवा, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याबाहेरच्या गहुंज्याच्या मैदानावर भारताचा सामना जाहीर झाला की तिकिटांच्या आणि वाहतुकीतल्या बदलांच्या बातम्या आपल्या दैनिकात सविस्तर येतात आणि त्याच दिवसापासून घरोघरी मुले ‘आम्हाला मॅचला न्या’ म्हणून आईवडिलांच्या मागे लागतात. बहुतेक घरांत त्यावरचे उत्तर ठरलेले असते. तिकीट मिळत नाही, मिळाले तर चौघांचे मिळून परवडत नाही आणि रात्री उशिरा तिथून परतायचे कसे, हा प्रश्न उरतोच. मग मुलाची समजूत टीव्हीसमोर बसवून काढली जाते आणि मैदानावर बसून सामना न पाहताच त्याचे बालपण सरते. अशा मुलांच्या पालकांसाठी मला माझी एक आठवण सांगायची आहे आणि तिच्या आधारे आपल्याला एक विनंती करायची आहे.

मी पहिला सामना पाहिला तो २९ फेब्रुवारी १९९६ रोजी, स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियममध्ये. मी तेव्हा दहा वर्षांची होते. विश्वचषक स्पर्धा आपल्या उपखंडात चालू होती आणि दोनच दिवस आधी वानखेडेवर भारत ऑस्ट्रेलियाकडून सोळा धावांनी हरला होता. सचिन तेंडुलकर नव्वदवर यष्टिचीत झाला, तेव्हा आमच्या चाळीत कुणी कुणाशी बोलेना. मला वानखेडेला जायचे होते, असा हट्ट मी आठवडाभर धरला होता. माझे आजोबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते आणि त्यांच्या निवृत्तिवेतनात मुंबईचा प्रवास आणि तिकिटे बसणारी नव्हती. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले आणि वर म्हणाले, “वानखेडे नाही जमायचं बाळ, पण गुरुवारी आपल्याच गावात मॅच आहे. वेस्ट इंडीज आणि केनिया. लारा येतोय.” केनिया हा देश नकाशात कुठे आहे, हेही मला धड ठाऊक नव्हते. भारत खेळणार नाही म्हणून मी रुसून बसले, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण आज माझ्या ओळखीतली मुले याच कारणासाठी रुसलेली मी पाहते.

आजोबांचा या बाबतीतला अनुभव जुना होता. डिसेंबर १९४८ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, ते सायकल मारत पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा रणजी सामना पाहायला गेले होते. त्या सामन्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी असताना खेळ विश्रांतीसाठी थांबला आणि काठेवाडचा संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. त्यांनी सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने केलेली ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे आणि निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. त्या नऊ धावांची हळहळ आजोबांना शेवटपर्यंत होती. आपण पाहिलेला सर्वांत मोठा डाव कोणत्याही कसोटीतला नसून आपल्या पुण्यातल्या एका रणजी सामन्यातला आहे, हे ते अभिमानाने सांगत, आणि मला केनियाच्या सामन्याला नेताना त्यांना कमीपणा वाटला नाही, तो त्यामुळेच.

शाळेला दांडी मारून आम्ही सकाळीच निघालो. दांडेकर पुलाकडून सारसबागेवरून चालत गेलो. आईने डब्यात थालीपिठे आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, आजोबांच्या खांद्यावरच्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता आणि त्याच पिशवीत खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही होती. प्रत्येक सामन्याचा धावफलक आजोबा त्या वहीत स्वतः मांडत असत. एरवी तो रेडिओवरून मांडला जाई. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलेल्या त्यांच्या पिढीला कानाने सामना पाहण्याची सवय होती. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

आमच्या घरचा टीव्ही कृष्णधवल होता. त्यामुळे जिना चढून वर आल्यावर वेस्ट इंडीजच्या खेळाडूंच्या अंगावरचा तो गडद तांबडा रंग एकदम समोर आला, तेव्हा मी काही क्षण वाटेतच उभी राहिले. मागच्या माणसाने पुढे व्हायला सांगितले तेव्हा भानावर आले. आमच्या आजूबाजूला ऐसपैस जागा होती. आजोबांनी धोतराच्या सोग्याने बाक पुसला आणि मला कडेला बसवले.

केनियाची फलंदाजी आधी होती. वेस्ट इंडीजचे गोलंदाज वॉल्श आणि अँब्रोज यांची नावे मी ऐकली होती, पण अँब्रोज यांची उंची टीव्हीवर कधी कळलीच नव्हती. सर्वांत जास्त नवल वाटले ते आवाजाचे. बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते आणि आवाज किंचित मागून येतो, हे माझ्या लक्षात आले आणि काहीतरी बिघडले आहे, असे मला वाटले. आजोबांनी विचारले, “नदीवर पलीकडच्या काठाला कुणी धुणं आपटत असलं तर काय होतं?” मग मला ते कळले. शाळेच्या पुस्तकात ध्वनीच्या वेगाचा धडा पुढे दोन वर्षांनी आला, तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी हात माझा वर होता.

दुसरी गोष्ट क्षेत्ररक्षकांची. केनियाचा हितेश मोदी डावखुरा होता. तो आणि उजव्या हाताने खेळणारा जोडीदार यांनी एकेक धाव काढली की दर वेळी मैदानातली सगळी माणसे आपापली जागा सोडून पलीकडच्या बाजूला जायची, आणि पुढच्या एकेरी धावेला पुन्हा परत यायची. टीव्हीवर आपल्याला गोलंदाज, फलंदाज आणि चेंडू एवढेच दिसते. इथे कर्णधार एका हाताच्या खुणेने दूरच्या माणसाला चार पावले डावीकडे सरकवतो आणि पुढच्याच चेंडूला झेल नेमका तिथे उडतो, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. खेळामागचा विचार दिसत होता, असे मी आज म्हणेन. तेव्हा फक्त एवढेच वाटले की कुठे पाहू आणि कुठे नको.

केनियाची अवस्था एका टप्प्यावर ६ बाद ८१ अशी झाली होती. मोदीच्या साथीला थॉमस ओडोयो आला. त्याचे वय तेव्हा सतरा वर्षांचे होते. माझा चुलतभाऊ तेवढाच होता आणि तो बारावीच्या परीक्षेच्या काळजीने जेवत नव्हता, म्हणून मला या मुलाचे फारच कौतुक वाटले. दोघांनी डाव सावरला. मोदी आणि चुडासामा ही आडनावे केनियाच्या संघात पाहून आजोबांना मोठी गंमत वाटली आणि गुजरातची माणसे आफ्रिकेत व्यापाराला कशी गेली, ही सगळी हकिगत मला दोन षटकांच्या मध्ये ऐकायला मिळाली. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला. वहीत बेरीज मी केली. स्टीव्ह टिकोलोच्या २९ धावा सर्वाधिक होत्या, पण अवांतर धावा, म्हणजे कुणाच्याच बॅटीतून न आलेल्या, त्याहून अधिक, ३७ होत्या. माझी बेरीज चुकली असावी म्हणून आजोबांनी ती दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती.

डबा खाऊन आम्ही पुन्हा बसलो तेव्हा आता लारा खेळेल आणि तासा-दोन तासांत घरी जाऊ, असेच सगळ्यांच्या बोलण्यात होते. १९९४ च्या एकाच उन्हाळ्यात ३७५ आणि नाबाद ५०१ धावा करणारा फलंदाज होता तो. कर्णधार रिची रिचर्डसन यांचा त्रिफळा रजब अली याने उडवला आणि त्यानंतर लाराच्या बॅटची कड घेऊन चेंडू मागे गेला. यष्टिरक्षक तारिक इक्बाल अंगाने जाडसर होता आणि आमच्या भोवतीच्या मंडळींनी तोवर त्याची बरीच टिंगल केली होती. चेंडू त्याच्या हातमोज्यांत बसला की पायांत अडकला, हे आम्हाला लांबून कळले नाही. तो वाकलेला दिसला, मग त्याने दोन्ही हात वर केले आणि केनियाचे सगळे खेळाडू त्याच्याकडे धावले. लारा झेलबाद ८. मी वहीत आठचा आकडा काढला आणि माझा हात थरथरत होता, हे त्या पानावर अजूनही दिसते.

पुढचे सगळे भराभर घडले. केनियाचा कर्णधार मॉरिस ओडुम्बे याने पंधरा धावांत तीन बळी घेतले आणि दोन वेळा विश्वविजेता ठरलेला संघ ९३ धावांत बाद झाला. केनिया ७३ धावांनी जिंकला. विश्वचषकात त्यांचा तो पहिलाच विजय होता. आमच्या भोवतीचे लोक, जे दुपारपर्यंत लाराच्या बाजूने होते, ते सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजोबा सहसा कशासाठी उभे राहत नसत, त्यांचे गुडघे दुखत. तेही उठले. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारताना आमच्या समोरून गेले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने वर पाहून हात हलवला. तो मलाच हलवला, असे मी आजवर धरून चालले आहे.

२००३ मध्ये केनिया विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारताविरुद्ध उतरला, तेव्हा स्टीव्ह टिकोलो कर्णधार होता. टीव्हीवर तो दिसताच मला आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखे वाटले. पुढल्याच वर्षी ओडुम्बे याच्यावर सट्टेबाजांशी असलेल्या संबंधांमुळे पाच वर्षांची बंदी आली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले आणि ते कुणाला सांगावे, हे कळेना, कारण आजोबा तोवर गेले होते.

मे २०२२ मध्ये गहुंज्याला महिलांची ट्वेन्टी-२० चॅलेंज स्पर्धा झाली. माझ्या मुलीला मी तिच्या आयुष्यातल्या पहिल्या सामन्याला नेले ते तिथे. सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरे हिने ३४ चेंडूंत ६९ धावा केल्या. तिचा संघ हरला, पण घरी परतताना मुलगी विचारत होती, की सोलापूर आपल्यापासून किती लांब आहे. हा प्रश्न तिला टीव्हीवरचा कोणताही सामना पाहून पडला नव्हता.

आता विनंती. नेहरू स्टेडियममध्ये भारताचा शेवटचा एकदिवसीय सामना २००५ मध्ये झाला आणि २०१२ पासून मोठे क्रिकेट गहुंज्याला गेले. शहरातले मूल आजोबांचा हात धरून चालत जाईल, असे ते मैदान नाही. तिथे जायचे तर ठरवून जावे लागते, हे मान्य. पण महाराष्ट्राचे रणजी सामने तिथे होतात, तिकिटासाठी रात्र जागवावी लागत नाही, खेळ सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो आणि पुढे भारताकडून खेळणारी मुले तिथे हाकेच्या अंतरावर क्षेत्ररक्षण करताना दिसतात. केदार जाधव याने २०१२ मध्ये उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावा केल्या, त्या याच मैदानावर. शाळांनी वर्षातून एक दिवस सहलीची बस तिकडे वळवली, तर त्यात काही अवघड नाही. मुलांना मोबाइलऐवजी एक वही आणि पेन्सिल द्यावी आणि धावफलक मांडायला शिकवावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. जो धावा मांडतो, तो प्रत्येक चेंडू पाहतो.

आणि आपल्याला विनंती अशी, की ‘आज शहरात’ सारख्या सदरात व्याख्याने आणि मैफली छापता, तिथेच महाराष्ट्राच्या पुरुष व महिला संघांचे पुण्यातले सामने, मैदान आणि खेळ सुरू होण्याची वेळ, निदान दोन दिवस आधी छापावी. निकाल क्रीडा पानावर दुसऱ्या दिवशी येतात, पण तोवर मैदान रिकामे झालेले असते. आमच्या दाराशी पेपर सकाळी सहाला पडतो. त्यात ती एक ओळ असेल, तर साडेनऊच्या पहिल्या चेंडूच्या आत डबा भरून गहुंज्याला पोचता येते.

आपली,
एक वाचक, पर्वती पायथा, पुणे