शाफ्ट उतरवण्याआधी

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

आपण जिथे शिकलो तो मेस्त्रींचा कारखाना विकला जातो आहे. ही बातमी मी तुला फोनवर मुद्दामच सांगितली नाही, कारण पहिल्याच वाक्याला अडवून तू "जागा किती गुंठे?" असे विचारले असतेस, मी चिडलो असतो आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. पत्रात तरी माझे म्हणणे संपेपर्यंत तुला थांबावे लागेल. घरी सगळे ठीक आहे. आईचे गुडघे पावसात दुखतात तसे दुखत आहेत आणि माझा रक्तदाब गोळीने जागेवर आहे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मेस्त्रींचा धाकटा ठाण्याहून आला आणि त्याच्याबरोबर एक भंगारवाला होता. त्या माणसाने लेथ, शेपर, खांबी ड्रिल, भात्याशेजारची ऐरण असे सगळे नजरेने तोलून प्रत्येकावर खडूने आकडे लिहिले. मेस्त्री पडवीत खुर्चीवर बसून पाहत होते आणि काहीच बोलत नव्हते. मात्र भंगारवाल्याने सगळी यंत्रे फिरवणाऱ्या, वर टांगलेल्या शाफ्टच्या हँगरवर हातोडा आपटून पाहिला, तेव्हा ते ताडकन उठले आणि ओरडले, "हळू रे! बीड आहे ते, पोलाद नव्हे!" दसरा झाला की जे गॅसकटरखाली जाणार, त्याला तडा जाऊ नये म्हणून ऐंशी ओलांडलेला माणूस धावून जातो, हे पाहिल्यावर मला तिथे बोलण्यासारखे काही उरले नाही.

मुलाला मी दोष देत नाही. लाकडी लाँच गेल्या, फायबरच्या होड्या आल्या, इंजिनाचा भाग मोडला तर नवा भाग डब्यातून येतो, आणि निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी कौले उडवल्यापासून त्या छपरावर झालेला खर्च कधीच वसूल झाला नाही. त्याने मला एवढेच सांगितले की, खंडेनवमीची हत्यारांची पूजा बाबांच्या हातून एकदा होऊ दे, त्यानंतर मात्र तो थांबणार नाही. दरम्यान एका रिसॉर्टवाल्यानेही निरोप धाडला आहे. त्याला लेथ आणि जुन्या इंजिनाचे मोठे चाक हवे आहे. काळा आणि सोनेरी रंग देऊन तो ती समुद्राकडच्या हिरवळीवर मांडणार आहे. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ठेवलेल्या बिडाच्या सरकत्या पृष्ठभागांचे दोन पावसाळ्यांत काय होईल, हे तुला मी सांगायला नको. एका संग्रहालयाकडे मी पत्र पाठवले होते. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण आहे, पण जागेअभावी ते एकच यंत्र घेऊ शकतात आणि तेही चालवणार नाहीत. पुरातन वस्तूंविषयीचा १९७२चा कायदा शंभर वर्षे ओलांडलेल्या ज्या वस्तूंना मान देतो, त्यांत विज्ञान आणि कारागिरी यांची साक्ष देणाऱ्या वस्तूही येतात, तरी तेलाने माखलेल्या लेथकडे त्या नजरेने पाहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एकच यंत्र नेण्याची कल्पनाच मला पटत नाही. आपण जे शिकलो ते एका लेथवर शिकलो नाही. ते वरच्या शाफ्टवर, त्याच्या पुलींवर आणि पट्ट्यांवर शिकलो. एका टोकाला कधीकाळी वाफेचे इंजिन, मग ऑइल इंजिन, मग मोटर, पण मधला सगळा संसार तोच राहिला. पुलीच्या मध्यावर किंचित फुगवटा का ठेवतात आणि पट्टा त्या उंचवट्याकडे आपोआप का चढतो, ढिल्या पुलीवरून पक्क्या पुलीवर पट्टा किती सावकाश सरकवायचा, चामड्याची केसाकडची बाजू पुलीला लावून सांधा वादीने कसा शिवायचा, हँगरवरच्या तेलाच्या वाटीत लोकरीची वात घातली की ती तेल थेंबाथेंबाने कसे खेचून आणते, हे सगळे त्या छपराखाली एकत्र उभे आहे म्हणून कळते. लेथ तेवढा बाहेर काढला तर ते नुसते वजन उरते. पहिल्याच दिवशी पीळ दिलेला पट्टा पाहून, तो चुकून पिरगळला आहे असे समजून, सोडवायला शिडीवर चढलेला तू मला आजही दिसतोस, आणि मेस्त्री खाली उभे राहून हसू दाबत "चढू दे, चढू दे, वरून त्याला कळेल" म्हणत होते तेही. वर गेल्यावर तुला खरोखरच कळले होते की, पट्टा सरळ केला तर यंत्र उलटे फिरणारच नाही.

आणि उलटे फिरणे किती महत्त्वाचे होते, ते जपानी इंजिनांच्या लाँच येऊ लागल्यावर समजले. लेथचे हत्यार पुढे सरकवणारा आपला लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा, त्यांचे बोल्ट मिलिमीटरचे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १२७ दात्यांच्या चाकावाचून गत्यंतर नाही. २० दात्यांच्या चाकाने १२७ दात्यांचे चाक फिरवले की एक मिलिमीटरचा आटा अचूक पडतो. पण मग लीड स्क्रूला पकडणारा हाफ नट मध्येच सोडता येत नाही, हत्यार मागे घेऊन अख्खे यंत्र उलटे चालवत सुरुवातीला आणावे लागते, आणि ते काम तो पीळ दिलेला पट्टाच करत असे. त्या चाकाचा दात कोणी मोडला यावर आपण किती भांडलो! तू अजून माझे नाव घेतोस आणि मी अजून ते मान्य करत नाही. मेस्त्रींनी मात्र कोणालाही न विचारता मोडलेल्या दाताच्या मुळाशी ओळीने भोके पाडली, त्यांत आटे कापून पोलादी स्टड बसवले आणि कानशीने त्यांना असा आकार दिला की बोट फिरवल्याशिवाय तो दात ओळखू येत नाही. ते चाक भिंतीवरच्या खिळ्याला नाही. ते तुझ्या भोसरीच्या घरी आहे, हे वहिनींनी मला सांगितले आहे. ते तू जपण्यासाठीच नेलेस, यात मला शंका नाही, पण आता ते परत आण.

तू एकदा म्हणाला होतास की, हे साहेबाने टाकलेले भंगार आहे आणि आपण त्याची पूजा करतो. त्याचे उत्तर त्या वेळी मला सुचले नव्हते, आज देतो. मेस्त्रींचे आजोबा माझगावला आगबोटींच्या दुरुस्तीवर होते आणि त्या कामाची परंपरा त्याच्याही आधीची आहे. १८३३ साली तिथेच अर्देशीर कर्सेटजी वाडियांनी 'इंडस' ही आगबोट बांधली. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि त्याच साली मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. इंग्लंडच्या व्हिटवर्थने आट्यांचे ५५ अंशांचे समान माप मांडले तेही १८४१ मध्येच. ज्या वर्षी तिकडे आट्यांना शिस्त लागत होती, त्या वर्षी इकडे वाफेच्या कारखान्याचा प्रमुख आपला माणूस होता. आणि आपल्या लेथपुरते बोलायचे, तर हेडस्टॉकवर मँचेस्टरचे नाव ओतलेले असले तरी त्याच्या बेडचा, सॅडलचा, बेअरिंगांचा एकही पृष्ठभाग असा नाही की जो मेस्त्रींच्या घराण्याने पुन्हा खरडून बसवलेला नाही. काम पकडणाऱ्या चकाजवळ बेड अधिक झिजतो, कारण आखूड कामे तिथेच होतात. ती झीज कुठे किती आहे आणि कोणत्या कामात हाताने किती सावरून घ्यायची, हे फक्त त्यांना माहीत आहे.

आता खरी काळजी. यंत्रे मी हलवू शकतो. आमच्या बागेतली जुनी वखार कोरडी आहे, वासे जाड आहेत, आणि मुलाने भंगाराच्याच भावात सगळे मला द्यायचे कबूल केले आहे. गंजाचीही मला भीती वाटत नाही. लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरीची वीज सोडून गंजातून सुटे करतो, आणि बाहेरच्या ओबडधोबड अंगांवर हिरड्याचा काढा लावतो. त्यातला तुरट अंश गंजाशी मिळून काळा, घट्ट थर धरतो. सरकत्या मार्गांवर मात्र तेलाखेरीज काही लावू देत नाही आणि पॉलिशची चाके तर जवळही येऊ देत नाही. वाफ पुन्हा उभी करण्याचा हट्ट मी सोडला आहे, कारण तपासणी झालेल्या बॉयलरचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही. मोटरवर शाफ्ट फिरला तरी पुरे.

पण शाफ्ट उतरवून नव्या वाशांवर चढवला की त्याची सगळी बेअरिंगे नव्याने ओतावी आणि बसवावी लागतील, आणि तिथे माझे घोडे अडते. मेस्त्रींनी आपल्या दोघांना विद्या अर्धी अर्धी दिली. ओतणे माझ्या हाताला आले. बेअरिंगचे कवच तापवून कथलाचा हात द्यायचा, शाफ्टच्या जागी धरलेल्या मँड्रेलला काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही, फटी मातीने बुजवायच्या, वितळलेल्या व्हाइट मेटलमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या मऊ धातूत, लाकडाची काडी घालून ती पेट न घेता करपली की ओतायचे, आणि कुठेही ओलाव्याचा अंश राहू द्यायचा नाही, नाहीतर धातू अंगावर उसळतो: हे मी आजही करीन. परंतु ओतल्यावर ब्ल्यू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावून शाफ्ट फिरवायचा, निळा डाग उंचवटा दाखवील तेवढाच खरडायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा खरडायचा, हे तुझ्या हाताला आले. मेस्त्री तुझ्या खरडलेल्या प्लेटवर बोट फिरवून गप्प राहत, आणि तीच त्यांची शाबासकी होती. मेस्त्रींचा हात आता चहाच्या कपालाही कापतो. तरीही परवा स्क्रेपरची मूठ कमरेला टेकवून त्यांनी अंगाचा भार दिला, तेव्हा तो कंप थांबला आणि बारीक, सारखे तुकडे उडू लागले. पाच-सात मिनिटे, मग धाप लागली.

आयटीआयच्या सरांशी मी बोललो. टर्नर आणि फिटर ट्रेडची तीन मुले रविवारी येतात, त्यांतली एक मुलगी कानाची फार तयार आहे. वेग कमी करणाऱ्या बॅक गिअरचा आवाज बदलला हे तिने मेस्त्रींच्या बरोबरीने ओळखले, आणि ते तिच्याकडे वळून "पुन्हा ऐक" म्हणाले. मी सगळे मोबाइलवर चित्रित करतो आहे, वहीत लिहितो आहे. पण किती दाब, हे वहीत लिहिता येत नाही. मुलाच्या हातावर शिकवणाऱ्याचा हात ठेवावा लागतो, आणि तो हात आता तुझा हवा. सीएनसीवर हेच काम दहा मिनिटांत होते, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. मात्र अतिअचूक यंत्रे बांधणारे कारखाने अजूनही मार्ग हातानेच खरडतात, हेही तूच मला सांगितले होतेस.

म्हणून गणपतीला येशील तेव्हा विसर्जनानंतर लगेच परतू नकोस, आठवडाभर राहा. छप्पर आणि शाफ्ट एकाच वेळी मोकळे करावे लागतील, ओळंबा तूच धर. हँगरांची मूळ उंची आणि अंतरे उतरवण्याआधी मोजून घेऊ, आणि ती इंचांत आणि सुतांतच लिहू. यावर मी वाद घालणार नाही.

तुझ्या कन्येचा प्रवेश झाल्याचे कळले, अभिनंदन. नव्या जागेत पाणी नीट येते का, ते वहिनींना विचारले आहे म्हणून सांग. तुझ्या कंबरेला जड उचलायचे नाही हे माझ्या लक्षात आहे. चेन पुली मी मागवली आहे.

मेस्त्रींना तू येणार असे मी अजून सांगितलेले नाही. तुझे उत्तर आले की सांगतो.

तुझा,
दादू

ता. क. ब्ल्यूच्या दोन ट्यूब, इंजिनिअरची सरळ पट्टी आणि व्हाइट मेटलची तुमच्याकडच्या बाजारातली किंमत घेऊन ये. इथला दुकानदार शिशाचे प्रमाण सांगत नाही. आरक्षण आजच कर, गणपतीच्या गाड्या भरत आल्या आहेत. खेडला उतरलास तर मी मोटारसायकल घेऊन येतो, पण ते चाक पिशवीत असेल तर रिक्षा करू.