बापू, तुम्ही खाट मांडायला लावलीत म्हणून

ती. बापूंना शि. सा. नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय, कारण द्राक्षबागेतल्या हॉटेलचं कौतुक होतं तेव्हा लोक आर्किटेक्टचं, म्हणजे माझं, नाव घेतात. तुमच्यासारख्या गवंड्याला कोण विचारतंय?

कवठेमहांकाळकडच्या त्या माळावर पहिला नकाशा घेऊन आलो, तेव्हा त्यात तीन मजले होते आणि दंडोबाचा डोंगर दिसावा म्हणून पश्चिमेला अख्खी काचेची भिंत. तुम्ही कागद उलगडलासुद्धा नाहीत. चुन्याची फक्की मागवून खोल्या जमिनीवर आखायला लावल्यात. एप्रिल महिना, दुपारचे चार. जिथं पलंग येणार होता तिथं खाट टाकलीत आणि म्हणालात, "बसा सायेब अर्धा तास." मी दहा मिनिटांत उठलो. आज तिथं दीड फुटी दगडी भिंत आहे, विहिरीतनं निघालेल्याच दगडाची. डोंगर बघायला पाहुणे संध्याकाळी कट्ट्यावर येतात.

सपाटीकरणाला बोलावलेला जेसीबीही तुम्हीच परत धाडलात. ताली, म्हणजे उतारावरचे बांध, होत्या तशा ठेवून एकेका टप्प्यावर एकेक खोली बसवली. चार नंबरची खोली ओघळात येत होती. दुष्काळी तालुका, पाणी कसलं येतंय, असं मी म्हणालो. तुम्ही वाद घातला नाहीत, खोलीच वगळलीत.

द्राक्षवेलींच्या ओळींच्या टोकाला मी बैठक काढली होती, तर "ट्रॅक्टर वळायचा कुठं?" ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरी या रोगांच्या धास्तीनं फवारणी सुरू झाली की औषध पाहुण्यांच्या चहात पडलं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. जेवणाची जागा तर सरळ बेदाणा शेडवरनं उचलली: लांबट, बाजूंनी मोकळी, हिरवी जाळी. तिथं द्राक्षं उन्हाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर वाळतात. मग माणसाला तो वारा का नको, हा तुमचा सवाल. पत्र्यावर तेवढं पाचट टाकलं.

माळवदावरनं, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरनं, मात्र आपलं बिनसलं. तुम्हाला तुळया, त्यावर किलचन म्हणजे आडव्या लाकडी काठ्या आणि वर पांढरी माती हवी होती. मी खाली स्लॅब टाकलाच. दरवर्षी माती चढवायला माणसं कुठनं आणायची? तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. स्लॅबवर माती टाकली तेव्हा कुठं हसलात. आता श्रावणात त्यावर गवत उगवतं आणि रस्त्यावरनं आधी बाग दिसते, मग माळ. छप्पर शोधावं लागतं. पाण्याची टाकी तेवढी उघडी पडलीय. ती माझी कामगिरी.

परवा रात्री तासभर पाऊस झाला. तीन आणि पाच नंबरच्या मधनं ओघळ गुडघाभर वाहिला. व्हिडिओ तुमच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवलाय, बघा.

आपला,
नकाशावाला सायेब